बांधावरच्या कांसाची किंमत ओळखणारी बाई : जानकी अम्मल यांची जीवनकथा

शहापूर (जि. भंडारा) : पोळा सरतो, धान निसवायला लागतं आणि शहापूरपासून वैनगंगेच्या काठापर्यंत नाल्याच्या कडेनं, पडीत जमिनीवर पांढरे तुरे डुलायला लागतात. हे कांस. शेतकऱ्याला याचं काडीचंही कौतुक नाही. खणून काढलं तरी पुन्हा येतं, जाळलं तरी पहिल्या पावसात हिरवं होतं. ज्या बांधीत कांस शिरलं त्या बांधीचा मालक कपाळाला हात लावतो.

पण आपण सकाळच्या चहात जी साखर टाकतो, ती ज्या उसातून येते त्या उसाच्या अंगात या कांसाचा अंश आहे. कांस नसतं तर आजचा ऊस एवढा दणकट झाला नसता. या कांसाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याचं मूळ शोधणाऱ्यांत एक बाई होत्या. त्यांचं नाव डॉ. जानकी अम्मल. पिकाचं वाण सुधारण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि म्हातारपणी एका अख्ख्या जंगलासाठी त्या उभ्या राहिल्या.

एकोणीस भावंडांच्या घरातली मुलगी

जानकी अम्मल यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळमधल्या तेल्लीचेरी म्हणजे आजच्या थलासेरी गावात झाला. वडील ई. के. कृष्णन हे न्यायाधीश होते. वडिलांच्या दोन लग्नांतली मिळून घरात एकोणीस भावंडं. वडिलांना झाडांची आणि पाखरांची भारी आवड. घराभोवती त्यांनी बाग राखली होती, पक्ष्यांवर लिखाणही केलं होतं. झाड नुसतं बघायचं नाही, त्याची नोंद ठेवायची, ही सवय मुलीला तिथंच लागली.

घर खातंपितं होतं, तरी समाजात त्यांची तिय्या जात खालची समजली जायची. त्यात आईचे वडील इंग्रज अधिकारी होते, त्यामुळे लोकांच्या नजरा आणखी वेगळ्या. मुलींची लग्नं वेळेवर उरकायची, हा तेव्हाचा रिवाज. जानकीबाईंचंही लग्न नात्यातल्या मुलाशी ठरत होतं. त्यांनी शिकायचं ठरवलं. मद्रासला क्वीन मेरीज कॉलेज आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून १९२१ मध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली आणि मुलींच्या कॉलेजात शिकवायला लागल्या.

पुढं अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची, आशियातल्या मुलींसाठी असलेली बार्बर शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. १९२४ मध्ये त्या बोटीनं अमेरिकेला गेल्या. आपल्याकडे तेव्हा बहुतेक बायांना अक्षरओळखही नव्हती. १९३१ मध्ये त्याच विद्यापीठानं त्यांना डॉक्टरेट दिली. वनस्पतिशास्त्रात अमेरिकेची डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. तिथं त्यांनी आपल्या ओळखीच्या एका भाजीवरही काम केलं, ती म्हणजे वांगं. त्यांनी तयार केलेला वांग्याचा संकर त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

गुणसूत्रं मोजायची म्हणजे काय?

जानकी अम्मल यांनी आयुष्यभर केलं ते काम सांगायला सोपं आणि करायला किचकट आहे. प्रत्येक सजीवाच्या पेशीत दोऱ्यासारखे बारीक तुकडे असतात. त्यांना गुणसूत्रं म्हणतात. आईबापाचे गुण लेकरात आणि झाडाचे गुण बियाण्यात याच दोऱ्यांवाटे उतरतात. माणसात ती ४६ असतात. धानात २४, वांग्यातही २४.

ती मोजायची तर झाडाच्या मुळाचं कोवळं टोक कापायचं, कारण तिथं पेशी सतत वाढत असतात. ते औषधात बुडवायचं, रंगवायचं, दोन काचांत हलकेच दाबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळे ताणून एकेक दोरा मोजायचा. एक काच बिघडली की पुन्हा पहिल्यापासून.

या मोजणीतून झाडाचं नातंगोतं कळतं. कोणतं झाड कुणाचं भावंड, कुठलं वाण कुठून आलं, कुणाचा संकर कुणाशी जमेल आणि कुणाशी जमणार नाही, हे सगळं त्या दोऱ्यांच्या संख्येतून आणि आकारातून उलगडत जातं. आज डीएनए तपासायची यंत्रं आली आहेत. तेव्हा डोळे आणि चिकाटी एवढंच हाताशी होतं.

कोइमतूरचा ऊस आणि बांधावरचं कांस

परत आल्यावर दोन वर्षं त्यांनी त्रिवेंद्रमच्या कॉलेजात शिकवलं. १९३४ मध्ये त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात दाखल झाल्या. हे नाव आपल्याकडच्या ऊसवाल्यांना अनोळखी नाही. महाराष्ट्रात सगळीकडे लावलेल्या को ८६०३२ या वाणातलं को म्हणजे कोइमतूरच.

या केंद्रापुढचा प्रश्न असा होता. जाड, रसदार, गोड ऊस नाजूक असायचा. रोग आला की बसायचा, पाणी कमी पडलं की वाळायचा. उत्तर भारतातला ऊस टिकाऊ होता, पण बारीक आणि कमी रसाचा. मग तिथल्या शास्त्रज्ञांनी १९१२ मध्येच एक धाडस केलं. गोड उसाचा संकर थेट रानटी कांसाशी लावला. त्यातून को २०५ हे वाण निघालं. उसाला गोडवा एका बाजूनं मिळाला आणि काटकपणा दुसऱ्या बाजूनं.

संकर झाला, पण त्यात आत नेमकं काय घडतं, हे समजणं बाकी होतं. जानकी अम्मल यांनी ते काम हाती घेतलं. गोड उसात ८० गुणसूत्रं असतात. कांसात मात्र ठिकाणाप्रमाणे ती ४० पासून १२८ पर्यंत आढळतात. म्हणजे बघायला सगळं कांस सारखं, पण आतून एका नदीकाठचं वेगळं आणि दुसऱ्या नदीकाठचं वेगळं. या अभ्यासातून हे रानगवत मूळचं भारतातलंच आहे, या म्हणण्याला बळ मिळालं. त्यांनी उसाचा संकर मक्याशीही लावून बघितला आणि त्याची नोंद १९३८ मध्ये जगप्रसिद्ध नेचर या विज्ञानपत्रिकेत छापून आली.

त्याआधी १९३५ मध्ये सी. व्ही. रामन यांनी स्थापन केलेल्या भारतीय विज्ञान अकादमीनं त्यांना सुरुवातीच्याच काळात सदस्य करून घेतलं होतं. तरी केंद्रातले दिवस सुखाचे नव्हते. एकटी बाई, त्यात खालच्या समजल्या गेलेल्या जातीची आणि शिक्षण मात्र भोवतालच्या पुष्कळ पुरुषांपेक्षा जास्त. त्याचा त्रास त्यांना सोसावा लागला.

बॉम्ब पडत होते तरी काम सुरूच

१९३९ मध्ये जनुकशास्त्राच्या परिषदेसाठी त्या ब्रिटनमध्ये एडिनबरोला गेल्या आणि तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. परतीची वाट बंद झाली. मग लंडनच्या जॉन इन्स संस्थेत त्या कामाला लागल्या. रात्री बॉम्ब पडायला लागले की पलंगाखाली शिरायचं, सकाळी फळ्यांवरचे फुटलेल्या काचांचे तुकडे झटकायचे आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, असे ते दिवस गेले. भारतातून त्यांनी गुपचूप एक खारही सोबत नेली होती. कापोक नावाची ती खार त्या संस्थेत कित्येक दिवस वावरत होती.

याच काळात सिरिल डार्लिंग्टन या शास्त्रज्ञासोबत त्यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा ग्रंथ तयार केला. १९४५ मध्ये तो निघाला. माणूस जी जी पिकं, फळं, फुलं लावतो, त्यातल्या हजारो वनस्पतींची गुणसूत्रं एका ठिकाणी नोंदवलेली. पुढं किती तरी वर्षं जगभरच्या शास्त्रज्ञांनी तो वापरला.

त्यानंतर विस्ली इथल्या प्रसिद्ध बागेत त्यांनी कोल्चिसीन हे द्रव्य वापरून मॅग्नोलिया या फुलझाडाची गुणसूत्रं दुप्पट करून बघितली. आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदात असतं ते विष हेच. मॅग्नोलियाचा एक प्रकार आजही जानकी अम्मल यांच्या नावानं ओळखला जातो.

जळालेलं झाड

१९५१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या भारतात परत आल्या. देशातल्या झाडाझुडपांची मोजदाद करणारी भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था इंग्रजांनी १८९० मध्ये काढली होती. ती नव्यानं उभी करायची जबाबदारी त्यांच्याकडे आली. भारतातल्या झाडांचे नमुने परदेशात जाऊन पडावेत आणि आपल्या पोरांनी ते बघायला तिकडं जावं, हे त्यांना पटत नव्हतं. आपली झाडं आपल्या लोकांनी अभ्यासावीत, असा त्यांचा आग्रह होता. अलाहाबादच्या केंद्रीय वनस्पती प्रयोगशाळेचा कारभारही त्यांनी सांभाळला.

त्या काळात देशात अन्नाचा तुटवडा होता. जास्त धान्य पिकवा, अशी सरकारी मोहीम जोरात होती. लोक उपाशी होते, तेव्हा ती गरज खोटी नव्हती. पण नवी जमीन काढायची म्हणून जंगलं साफ होत होती, रानं जळत होती. आसामच्या त्या भागात मॅग्नोलियाच्या एका दुर्मीळ जातीचं एकच झाड उरलं होतं. त्याच्या शोधात जानकी अम्मल शिलाँगपासून ३७ मैल गेल्या. पोचल्या तर झाड जळून गेलेलं होतं.

ज्या बाईनं आयुष्य एकेका झाडाची गुणसूत्रं मोजण्यात घातलं, तिला याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. झाड गेलं म्हणजे नुसतं लाकूड गेलं नाही. हजारो वर्षांत त्या मातीत, त्या हवेत तयार झालेले गुणही गेले. ते कुणी मोजले नव्हते आणि आता कुणी मोजूही शकणार नव्हतं. जंगलतोडीची ही काळजी नंतर त्यांच्या लिखाणात आणि कामात दिसत राहिली.

१९५५ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन इथं एक गाजलेली परिषद भरली. माणसानं पृथ्वीचं रूप कसं बदललं, हा विषय. जगभरच्या निमंत्रित विद्वानांत त्या एकट्याच बाई होत्या. तिथं त्या भारतातल्या पोटापुरत्या शेतीवर बोलल्या. रानावर जगणाऱ्या आदिवासींकडे, बियाणं राखणाऱ्या बायांकडे झाडांचं जे ज्ञान असतं, ते त्यांना पुस्तकाइतकंच मोलाचं वाटे. उत्तरायुष्यात औषधी वनस्पतींचा अभ्यास करताना त्यांनी या ज्ञानाकडे मुद्दाम लक्ष दिलं.

जम्मूच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं, काही काळ मुंबईला तुर्भे इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही होत्या. १९७० मध्ये त्या मद्रासला स्थायिक झाल्या. विद्यापीठाच्या मदुरवॉयल इथल्या क्षेत्रीय प्रयोगशाळेत काम करायचं आणि औषधी झाडं लावायची. साधी पिवळसर साडी, मोजकं सामान आणि लग्नाचा विचार कायमचा बाजूला, असं त्यांचं राहणं. १९७७ मध्ये सरकारनं त्यांना पद्मश्री दिली.

ऐंशीव्या वर्षी जंगलासाठी

विश्रांती घेण्याच्या वयात जानकी अम्मल यांच्यापुढं आयुष्यातला मोठा प्रश्न आला. केरळच्या पालक्काड जिल्ह्यात सायलेंट व्हॅली नावाचं घनदाट जंगल आहे. त्यातून कुंतीपुळा नदी वाहते. या नदीवर धरण बांधून वीज तयार करायची, अशी सरकारी योजना होती. मलबारचा तो भाग मागास होता. वीज येईल, उद्योग येतील, पोरांना काम मिळेल, असं सरकारचं म्हणणं होतं आणि पुष्कळ लोकांना ते पटतही होतं. ज्यांच्या घरी दिवा नाही त्यांना वीज नको म्हणणं सोपं नसतं. जानकी अम्मल स्वतः मलबारच्याच लेक होत्या.

दुसऱ्या बाजूला पावसाचं ते जुनं जंगल होतं. तिथली झाडं, वेली, गवतं आणि सिंहासारखी शेपटी असलेलं ते दुर्मीळ वानर, हे सगळं एकदा पाण्याखाली गेलं असतं तर परत आलं नसतं. शिक्षक, शास्त्रज्ञ, कवी पुढं आले. केरळ शास्त्र साहित्य परिषद या लोकविज्ञान संघटनेनं गावोगाव हा विषय नेला. जानकी अम्मल यांनीही त्या बाजूनं आपलं वजन टाकलं.

त्यांची पद्धत मात्र त्यांचीच होती. सायलेंट व्हॅलीतल्या झाडांची गुणसूत्रं मोजायचं काम त्यांनी हाती घेतलं. वय ऐंशीच्या आसपास. जंगल वाचवा म्हणायचं तर त्या जंगलात आहे काय, हे तर कळायला हवं. तिथल्या झाडांचं नातंगोतं काय, तिथं असं काय आहे जे दुसरीकडे नाही, हे मोजून नोंदवून ठेवायचं. जंगल राहिलं तर ती माहिती पुढच्यांना उपयोगी पडेल. नाही राहिलं, तर काय गेलं हे तरी कागदावर उरेल.

वाद देशभर गाजला. शेवटी इंदिरा गांधींच्या सरकारच्या काळात तज्ज्ञांच्या समितीनं पाहणी केली आणि १९८३ च्या अखेरीस धरणाचा प्रकल्प सोडून देण्यात आला. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी मदुरवॉयलला जानकी अम्मल यांचं निधन झालं. वय ८६. शेवटपर्यंत त्या कामातच होत्या. १५ नोव्हेंबर १९८४ रोजी, त्यांच्या निधनानंतर नऊ महिन्यांनी, सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. ते जंगल आजही उभं आहे.

आपल्या धानाशी याचा काय संबंध?

जानकी अम्मल भंडाऱ्याला आल्या नसतील, पण त्यांनी जे सांगितलं ते आपल्या बांधीपर्यंत येतं. धानाचंच घ्या. १९७० च्या सुमारास आशियातल्या धानावर ग्रासी स्टंट नावाचा रोग पसरला. झाड खुजं राहायचं, लोंबी धरायची नाही. तुडतुड्यांमार्फत हा रोग पसरतो. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय धान संस्थेनं हजारो वाणं तपासली. या रोगाला पुरून उरणारा गुण सापडला तो भारतातून गेलेल्या एका रानधानात. तलावाच्या कडेला आपोआप उगवणारं, दाणे गळून पडणारं, कुणी न पेरलेलं ते धान. त्याचा संकर करून आयआर ३६ सारखी वाणं तयार झाली आणि कोट्यवधी एकरांवर पेरली गेली. ते रानधान कुणी निरुपयोगी म्हणून आधीच संपवलं असतं, तर हा गुण कुठून आणला असता?

जंगली जनावरांच्या बाबतीतही आता हेच शास्त्र वापरतात. नागझिऱ्यासारख्या जंगलात वाघाची विष्ठा गोळा करून त्यातला डीएनए तपासता येतो. वाघाला न पकडता, न बेशुद्ध करता तो कोणता वाघ, नर की मादी, कुठल्या वाघांच्या नात्यातला, हे कळतं. मध्य भारतातल्या अशा अभ्यासांतून दिसलं की वाघ एका जंगलातून दुसऱ्या जंगलात शेतांमधून, नाल्यांच्या कडेनं जातात आणि ही वाट तुटली तर त्यांचं रक्त आपसातच फिरत राहून पुढची पिढी कमजोर होते. २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातून वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, त्यामागं तिथं वाघांची संख्या वाढावी, असाच विचार होता. पकडलेलं मांस रानडुकराचं, चितळाचं की बकऱ्याचं, हेही आता डीएनएवरून ठरतं, त्यामुळे शिकारीच्या खटल्यात पुरावा उभा राहतो.

जानकी अम्मल यांच्या नावानं आज जम्मूत वनस्पतींच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. वनस्पती आणि प्राणी ओळखण्याच्या शास्त्रात चांगलं काम करणाऱ्यांना केंद्र सरकार त्यांच्या नावानं पुरस्कार देतं. तरी शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव फारसं भेटत नाही.

या वर्षी धान निसवेल तेव्हा नाल्याच्या कडेला कांस पुन्हा फुलेल. बांधीत शिरलेलं काढावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण नदीकाठचं, तलावाच्या पाळीवरचं, कुणाच्या आड न येणारं कांस, तिथलंच रानधान, मोहाखालची झुडपं उन्हाळ्यात काडी लावून पेटवण्याआधी क्षणभर थांबावं. त्यात काय आहे, हे अजून पुरतं कुणी मोजलेलं नाही.